चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशातील स्त्री-नेतृत्व

चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशातील स्त्री-नेतृत्व : महाराष्ट्राच्या पूर्व टोकास वैनगंगा, वर्धा, प्राणहिता व इंद्रावती ह्या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या वनमय प्रदेशात स्त्रियांनी राज्यकारभार, जमीनदारी, लोकप्रतिनिधित्व व गावाचा कारभार ह्या क्षेत्रांत बजावलेले कार्य आणि त्यात त्यांना आलेले अडथळे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर असे झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३९ टक्के, तर चंद्रपूर जिल्ह्यात सु. १८ टक्के होते. ह्या प्रदेशाच्या इतिहासात सत्ता चालविणाऱ्या स्त्रिया दुर्मिळ नाहीत. तथापि ती सत्ता बहुधा पतीच्या, पुत्राच्या अथवा घराण्याच्या नावाने चालली. स्त्रीला काम मिळाले, परंतु त्या कामाचे नाव मिळाले नाही, हा येथील स्त्री-नेतृत्वापुढील सर्वांत जुना व चिवट अडथळा होय.

प्राचीन पूर्वपीठिका : ही परंपरा गोंड राजवटीपेक्षा जुनी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिलालेखावरून हा भूभाग वाकाटकांच्या प्रभावाखाली असल्याचे दिसते. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन ह्याच्या अकाली मृत्यूनंतर त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने चौथ्या शतकाच्या अखेरीस व पाचव्याच्या आरंभी अज्ञान पुत्राच्या वतीने निदान तेरा वर्षे विदर्भाचा कारभार पाहिला. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त ह्याची कन्या. तिच्या पुणे ताम्रपटात आरंभी वाकाटकांची नव्हे, तर तिच्या माहेरची, म्हणजे गुप्तांची वंशावळ दिली आहे. यावरून तिचा स्वतंत्र अधिकार व पित्याचे पाठबळ ही दोन्ही लक्षात येतात. तरीही त्याच ताम्रपटात तिचा निर्देश युवराज दिवाकरसेनाची जननी असा केलेला आहे. दानाची आज्ञा तिची, परंतु तिचा अधिकार मातृत्वातून आलेला, अशी ही रचना पुढील काळातही वारंवार आढळते.

आदिवासी समाजातील स्थान : गोंड व माडिया समाजांत स्त्रीचे आर्थिक महत्त्व मोठे आहे. मोहफुले व तेंदूपाने गोळा करणे, शेतीची बहुतेक कामे आणि आठवडी बाजारातील देवघेव ही प्रामुख्याने तिच्याकडे असतात. विवाहात वराकडून वधूमूल्य देण्याची चाल होती. विधवेला व सोडचिठ्ठी घेतलेल्या स्त्रीला पुनर्विवाहाची मुभा होती. पडदा, बालवैधव्य यांसारख्या मैदानी प्रदेशातील उच्चवर्णीय बंधनांशी तुलना करता ही स्त्री अधिक मोकळी होती, असे अनेक निरीक्षकांनी नमूद केले आहे. मात्र ह्या मोकळेपणावरून सत्तेतील समानतेचे अनुमान काढणे योग्य ठरत नाही. गावचा पाटील, पूजाविधी करणारा भूमक अथवा पेरमा ही पदे परंपरेने पुरुषांकडे राहिली आणि पंचांच्या बैठकीत निवाडा करण्याचा अधिकारही पुरुषांचाच समजला जाई. जमिनीचा वारसा सामान्यतः पुरुषांच्या शाखेत चाले. माडिया व काही गोंड गावांत मासिक पाळीच्या काळात स्त्रीने गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावे, अशी रूढी आहे. त्या दिवसांत तिला घरकामापासून, देवकार्यापासून व सार्वजनिक बैठकीपासून दूर राहावे लागते. पद भूषविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही रूढी प्रत्यक्ष कारभाराच्या आड येते.

राणी हिराई : चांद्याच्या गोंड राजघराण्यातील सर्वांत ख्यातनाम स्त्री म्हणजे राजा बीरशहा ह्याची राणी हिराई. परंपरेनुसार बीरशहाची कन्या मानकुंवर ही देवगडच्या दुर्गशहाला दिली होती. सासरी तिचा अपमान झाल्यामुळे बीरशहाने देवगडकरांशी युद्ध केले. त्या प्रसंगी त्याने महाकालीला शत्रूचे शिर वाहण्याचा नवस केला होता, अशी आख्यायिका आहे. पुढे बीरशहाचा हिरामण नावाच्या राजपूत सेवकाकडून वध झाला. राजाला पुत्र नसल्यामुळे हिराईने चंदनखेडा येथील आप्तशाखेतील रामशहा ह्या बालकास दत्तक घेऊन गादीवर बसविले आणि तो सज्ञान होईपर्यंत स्वतः राज्य सांभाळले. काही अभ्यासक तिच्या कारभाराचा काळ सु. १७०४ ते १७१९ असा मानतात. लूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालातील कालक्रम याहून भिन्न आहे.

हिराईच्या कर्तृत्वाची साक्ष तिच्या बांधकामांतून मिळते. चंद्रपूरच्या अचलेश्वर देवालयाजवळील गोंड राजांच्या समाधींत बीरशहाची समाधी सर्वांत भव्य असून ती हिराईने उभारली. पतीने पत्नीसाठी बांधलेली स्मारके भारतात सुप्रसिद्ध आहेत. पत्नीने पतीसाठी उभारलेल्या स्मारकांची चर्चा त्या मानाने क्वचितच होते. महाकालीचे देवालयही तिनेच बांधविले. तेथे चैत्रात भरणाऱ्या यात्रेस विदर्भाबरोबरच मराठवाडा व तेलंगण येथूनही भाविक येतात. राजाचा खून, वारसाचा अभाव व देवगडशी वैर अशा परिस्थितीत गादी टिकवून धरणे, दत्तकाला मान्यता मिळविणे आणि एवढी बांधकामे पूर्णत्वास नेणे ही कामे महसूल, सैन्य व सरदार यांवर पकड असल्याखेरीज शक्य नव्हती. असे असूनही प्रचलित राजवंशावळीत बीरशहानंतर थेट रामशहाचे नाव येते. हिराईची राजवट स्वतंत्र न मोजता दोन पुरुषांच्या मधील अवकाश म्हणून गणली गेली. लोकस्मृतीत ती मुख्यतः पतिनिष्ठ राणी म्हणून उरली. तिची राज्यकर्ती म्हणून चिकित्सा मात्र अल्प प्रमाणात झाली. रामशहाचा उत्तराधिकारी नीळकंठशहा ह्याच्या काळात, १७५१ मध्ये, नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य खालसा केले.

जमीनदारी काळ व अहेरीची लक्ष्मीबाई : भोसल्यांनंतर १८५४ मध्ये हा प्रदेश ब्रिटिश अंमलाखाली आला. दक्षिणेकडील दाट अरण्यात गोंड जमीनदारांची सत्ता स्थानिक पातळीवर चालू राहिली. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती व १८५८ च्या सुमारास ती लक्ष्मीबाई नावाच्या स्त्रीकडे होती. त्या वर्षी मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके व अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी तारखात्याच्या तळावर झालेल्या हल्ल्यात गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा उपायुक्त कॅप्टन क्रिक्टन याने लक्ष्मीबाईवर दडपण आणले आणि तिच्या साहाय्याने १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबूराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ह्या कामगिरीबद्दल व्यंकटरावाकडून जप्त केलेल्या अडपल्ली व घोट ह्या जमीनदाऱ्या लक्ष्मीबाईस बक्षीस मिळाल्या.

लक्ष्मीबाईच्या कृतीचे समर्थन करता येत नाही. परंतु तिच्या स्मृतीचा विचार नेतृत्व व लिंगभेद यांच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटला होता; १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यास पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. दोन्ही कृत्ये एकाच स्वरूपाची असली, तरी प्रादेशिक स्मृतीत विश्वासघाताचा शिक्का लक्ष्मीबाईच्या नावावर जेवढा गडद बसला, तेवढा बस्तरच्या राजाच्या नावावर बसला नाही. तिच्यापुढील पर्याय कोणते होते, जमीनदारी गमावण्याचा धाक कितपत खरा होता, आप्तेष्टांतील स्पर्धेचा त्यात वाटा किती होता, हे प्रश्न पुरुष जमीनदाराच्या बाबतीत राजकारण म्हणून तपासले जातात. स्त्रीच्या बाबतीत त्यांची जागा स्वभावदोषाने घेतली. हिराईची स्तुती पातिव्रत्यामुळे व लक्ष्मीबाईची निंदा दगलबाजीमुळे होते. दोघींच्याही राज्यकारभाराचे मोजमाप मागेच राहते.

स्वातंत्र्योत्तर लोकप्रतिनिधित्व : प्रौढ मताधिकारामुळे स्त्रियांना मताचा समान हक्क मिळाला, परंतु उमेदवारीचे मार्ग अरुंदच राहिले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असताना निधन झाले. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई ऊर्फ ताई कन्नमवार १९६४ च्या पोटनिवडणुकीत चांदा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. त्यानंतर ह्या मतदारसंघातून दुसरी स्त्री लोकसभेत जाण्यास साठ वर्षे लागली. २०२४ मध्ये विजयी झालेल्या प्रतिभा धानोरकर यांचे पती सुरेश (बाळू) धानोरकर हे २०१९ पासून चंद्रपूरचे खासदार होते व मे २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले होते. प्रतिभा धानोरकर मात्र त्यापूर्वीच, २०१९ मध्ये, वरोरा मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आल्या होत्या. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २००९ ते २०२४ ह्या काळातील चारही लोकसभा निवडणुकांत पुरुष उमेदवार विजयी झाले. सावली मतदारसंघातून विधानसभेवर गेलेल्या शोभा फडणवीस यांनी १९९५–९९ ह्या काळातील राज्य शासनात मंत्रिपद सांभाळले. एकंदरीत पक्षसंघटनेतून स्वबळावर वर येणाऱ्या स्त्रियांपेक्षा घराण्यातील रिकाम्या जागेवर येणाऱ्या स्त्रियांना मतदार व पक्ष यांची मान्यता अधिक सुलभतेने मिळाल्याचे दिसते. निवडून आल्यानंतर मात्र ह्या स्त्रियांनी केलेले काम त्यांचे स्वतःचे असते. त्याचे श्रेय घराण्यास देण्याची प्रवृत्ती हा त्यांच्यापुढील वेगळा अडथळा ठरतो.

आरक्षण व ग्रामपंचायती : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आरंभीच्या कायद्यांत स्त्रियांना एकदोन जागांपुरते प्रतिनिधित्व होते. महाराष्ट्राने १९९० मध्ये तीस टक्के जागा राखीव केल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आल्यावर सदस्यपदांप्रमाणेच सरपंच व अध्यक्ष ह्या पदांवरही एकतृतीयांश आरक्षण आले; २०११ मध्ये राज्याने ते पन्नास टक्के केले. चंद्रपूर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली व तिच्या महापौरपदी संगीता अमृतकर, राखी कंचर्लावार व अंजली घोटेकर ह्या स्त्रियांची निवड झाली.

आरक्षणाने सभागृहाचे दार उघडले, परंतु कारभाराच्या किल्ल्या सर्वत्र हाती दिल्या असे नाही. निवडून आलेल्या स्त्रीऐवजी तिचा पती बैठकांना बसतो, कागदपत्रे पाहतो व अधिकाऱ्यांशी बोलतो. ‘सरपंचपती’ हा शब्द ह्या वहिवाटीतून रूढ झाला. राखीव जागा सोडतीने व चक्रानुक्रमाने बदलत असल्यामुळे पाच वर्षांत अनुभव मिळविलेल्या स्त्रीला पुन्हा उभे राहण्याची जागा उरत नाही. खुल्या जागेवर तिला उमेदवारी सहसा मिळत नाही. अविश्वासाचा ठराव हे तिला नमविण्याचे एक साधन बनले होते. म्हणून सरपंचपदी स्त्री असल्यास तो ठराव तीनचतुर्थांश बहुमतानेच संमत व्हावा, अशी तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात करण्यात आली. शिक्षणातील अंतरही महत्त्वाचे आहे. २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सु. ८२ टक्के, तर स्त्रियांची सु. ६६ टक्के होती. गोंडी वा माडिया बोलणाऱ्या स्त्रीला शासकीय मराठीतील ठराव, अंदाजपत्रक व धनादेश यांवर सही करावी लागते. तालुक्याचे ठिकाण दूर, बस क्वचित आणि पावसाळ्यात नाले भरून रस्ते बंद, अशा स्थितीत पंचायत समितीच्या बैठकीस जाणे हेच एक काम होते. ग्रामसेवकावरील व पतीवरील अवलंबन ह्यातून वाढते व मग तिला काही येत नाही, हा समज खरा ठरल्यासारखा वाटतो.

ह्याला अपवादही आहेत. भामरागड तालुक्यातील कोठी ग्रामपंचायतीच्या सरपंचपदी २०१९ मध्ये भाग्यश्री लेकामी ही विशीतील माडिया तरुणी आली. दुर्गम गावांत स्वतः फिरून शाळा, आरोग्य व स्त्रियांचे प्रश्न हाताळणारी सरपंच म्हणून तिची नोंद घेतली गेली. शिक्षण व गावाची भाषा ही दोन्ही एकाच व्यक्तीत एकत्र आली, म्हणजे दुसऱ्याच्या आधाराची गरज किती कमी होते, हे अशा उदाहरणांवरून स्पष्ट होते.

सामूहिक नेतृत्व : ह्या प्रदेशातील स्त्री-नेतृत्वाचे सर्वांत परिणामकारक रूप पदांतून नव्हे, तर समूहातून प्रकट झाले. १९८७ नंतर गडचिरोली जिल्ह्यात दारूमुक्तीची चळवळ सुरू झाली. मजुरीचे पैसे दारूत जाणे व घरातील मारहाण हे तिचे निकटचे कारण असल्यामुळे गावोगावच्या स्त्रिया तिच्या अग्रभागी राहिल्या. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाने सर्वांच्या संमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा घडविली. तीत स्त्रियांना स्थान मिळाल्यावर दारूबंदीचा आग्रह त्यांनीच धरला आणि दारूबंदीचा निर्णय त्या गावाच्या संघटनेचा पाया ठरला. २००९ मध्ये ह्या गावास सामूहिक वनहक्क मिळाला. पुरुषांच्या पंचबैठकीतून सर्वांच्या ग्रामसभेकडे झालेले हे संक्रमण कायद्याने नव्हे, तर गावाच्या स्वतःच्या चर्चेतून घडले, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीच्या मागणीसाठी डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने चिमूर ते नागपूर अशी पदयात्रा निघाली. तीत ग्रामीण स्त्रिया मोठ्या संख्येने सामील झाल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०२१ मध्ये शासनाने ती उठविली. अवैध विक्री व महसूलहानी ही कारणे त्यावेळी पुढे आली. बंदीच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. परंतु ज्यांच्या मागणीवरून निर्णय झाला, त्या स्त्रियांचे निर्णय बदलताना काय स्थान होते, हा प्रश्न त्या मतभेदांहून स्वतंत्र आहे. चळवळ उभी करण्याचे सामर्थ्य स्त्रियांकडे होते. धोरण चालू ठेवण्याचे वा मोडण्याचे सामर्थ्य अन्यत्र राहिले.

वनहक्क अधिनियम, २००६ ने ही दरी काही अंशी कमी केली. वैयक्तिक वनहक्काचा पट्टा पती व पत्नी ह्या दोघांच्या नावे करण्याची त्यात तरतूद आहे. नियमांनुसार वनहक्क समितीत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात व ग्रामसभेच्या गणपूर्तीतही स्त्रियांची किमान उपस्थिती आवश्यक असते. वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रीचे नाव वनाच्या दस्तऐवजावर येणे ही ह्या प्रदेशाच्या इतिहासातील नवी घटना होय.

ज्ञानक्षेत्रातील नेतृत्व : आरोग्याच्या क्षेत्रात स्त्रीरोगतज्ज्ञ राणी बंग यांचे कार्य उल्लेखनीय आहे. अभय बंग यांच्यासमवेत त्यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा शोधनिबंध १९८९ मध्ये लॅन्सेट ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले; पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन, ह्या धोरणकर्त्यांच्या समजुतीस त्यामुळे धक्का बसला. पुढे ह्याच संस्थेने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे, प्रसंगी इंजेक्शन देण्याचेही, शिक्षण दिले. ३९ गावांतील ह्या प्रयोगात नवजात मृत्युदर सु. ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय अधिकार हा शहरी व पदवीधर व्यक्तीचाच असतो, ही धारणा गावातील स्त्रीने आपल्या कामाने येथे खोटी ठरविली.

समालोचन : प्रभावतीगुप्ता ते आजची सरपंच हा प्रवास सरळ प्रगतीचा नाही. प्रत्येक कालखंडात स्त्रीने कारभार केला आणि प्रत्येक कालखंडात तिला तो कोणाच्या तरी बदली मिळाला : कधी पुत्राच्या, कधी पतीच्या, कधी आरक्षणाच्या सोडतीमुळे पाच वर्षांपुरता. कर्तबगारीचा अभाव हे ह्याचे कारण म्हणता येत नाही. हिराईची बांधकामे, ग्रामसभांचे निर्णय व गावातील आरोग्यसेविकांचे काम त्याविरुद्ध साक्ष देतात. कारण शोधावयाचे ते वारसा, मालमत्ता, शिक्षण, भाषा व रूढी यांच्या एकत्रित रचनेत. कायद्याने जागा राखून ठेवता येते. त्या जागेवरील व्यक्तीचा शब्द अखेरचा मानण्याची सवय मात्र गावाला, पक्षाला व कचेरीला स्वतः लावून घ्यावी लागते. वंशावळीत हिराईच्या नावासमोर राजवट म्हणून नोंद होणे आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर सरपंचाने स्वतः बसणे ह्या दोन गोष्टी काळाने दूर असल्या, तरी त्यांचा प्रश्न एकच आहे.